लाइट गेली तरी फिरणारा पंखा

काल नवतपा लागला. मे संपत आला की सूर्य रोहिणीत शिरतो आणि पुढचे नऊ दिवस जबलपूर भाजून निघतं, त्या दिवसांचं हे नाव. मिलिंदने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, सकाळीच कूलरच्या तिन्ही बाजूंना नवा वाळा भरला, टाकीत पाणी सोडलं, आणि पहिली ओली झुळूक खोलीत आली तशी मला एकदम भुतं आठवली. इतरांना वाळ्याच्या वासाने आजोळ आठवतं, माठ आठवतो. मला पांढरी साडी आठवते, कुरकुरणारं दार आठवतं, आणि अख्खी हवेली रिकामी असताना मेणबत्ती घेऊन नेमकी तळघरात उतरणारी ती बाई आठवते. याला कारण आहे, आणि ते सांगताना माझी मान अजूनही ताठ होते.

आधी कबुली देऊन टाकते. मला भुताचे सिनेमे आवडतात, आणि त्यातही सुमार. चांगले कुणीही बघतं. मी भाग दोन बघते, भाग तीन बघते, पहिल्या भागात जाळून राख केलेली चेटकीण चौथ्या भागात कशी परत आली ते बघायला रजा टाकते. जुन्या सिनेमाचा नवा अवतार निघाला की जुना पाठ असूनही नवा बघते. शाळेत असताना मैत्रिणीच्या घरी कॅसेट लावून बघायचे, आता घरच्या टीव्हीवर बघते, एवढाच काय तो फरक. या आवडीबद्दल मला आयुष्यभर एकाच माणसाने बोलून घेतलं. ती माझी नलूआत्या.

नलूआत्या माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिने लग्न केलं नाही. तीस वर्षं मुलींच्या शाळेत अकरावी-बारावीला भौतिकशास्त्र शिकवलं आणि दर उन्हाळ्यात बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या. विजय नगरच्या आमच्या घरात खाली ती राहते आणि वर आम्ही. घरात मराठीच बोलायची हा तिचा कायदा. बाहेर सगळं हिंदी, त्यामुळे आमच्या तोंडात 'अच्छा' आणि 'चलो' बसलेलं, ते ती एकवेळ खपवून घ्यायची. पण जबलपूरचं 'हओ' तिला बिलकुल चालायचं नाही. लहानपणी कुणाच्या तोंडून हो ऐवजी 'हओ' निघालं की ती म्हणायची, "घरात काहून हिंदी बोलून राहिली?" तिचं स्वतःचं 'काहून' मात्र तिच्या हिशेबी शुद्ध मराठी होतं, आणि त्यावर वाद घालायची कुणाची छाती नव्हती.

चुका काढणं हा तिचा श्वास होता. पोळी कुठे जाड आहे, जिना धुताना कोणती पायरी राहिली, बातम्या सांगणाऱ्याने आकडा कुठे चुकवला. दोन वर्षांपूर्वी होळीच्या आधी असंच काहीतरी निघालं. मी ऑफिसातून वैतागून आले होते, आणि तिने माझ्या कढीपासून माझ्या भुतांपर्यंत सगळं तपासायला घेतलं. मी ताडकन म्हणाले, "आत्या, एक दिवस तरी गप्प बस ना." ती माझ्याकडे बघत राहिली, मग जिना उतरून खाली गेली.

चौथ्या दिवशी सकाळी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात गेला आणि वाचा गेली.

दवाखान्यातल्या त्या दिवसांबद्दल मला फार लिहवत नाही. डॉक्टरांनी विचारलं, नाव सांगा. आत्या म्हणाली, हओ. गाव कोणतं? हओ. दुखतंय का कुठे? हओ. आयुष्यभर जो शब्द तिने घराच्या उंबऱ्याआत येऊ दिला नाही, तो एकटाच तिच्यापाशी राहिला होता. बाकी सगळे, नर्मदेच्या पुरात घाटावरचं सामान जावं तसे वाहून गेले होते. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना सगळं, फक्त शब्द हाताला लागत नाहीत. बोलतं ठेवा. जे यायचं ते पावसाळ्यापर्यंत बरंचसं येईल, पुढे फार हळू होतं. मी मान हलवली. तिला समजतं सगळं, म्हणजे मी म्हटलेलं वाक्यही तिला समजलेलं असणार, आणि माझे शब्द कसे फळले ते ती खाटेवर पडून रोज बघत असणार.

मी भुताच्या सिनेमात इतक्या किंकाळ्या ऐकल्या, पण त्या 'हओ'सारखा काटा कधी आला नाही. पडद्यावर काहीतरी अंगावर येणार म्हणून भीती वाटते. इथे रोज समोर बसलेलं माणूस थोडं थोडं लांब जात होतं.

स्नेहा नावाची एक मुलगी आठवड्यातून तीनदा यायची, बोलण्याचे व्यायाम करून घ्यायला. गोड मुलगी, कामाला चोख. ती चित्रांची कार्डं पलंगावर मांडायची. सफरचंद, चिमणी, घर. "अम्मा जी, ये क्या है?" आत्या सफरचंदाकडे बघायची, मग स्नेहाकडे, आणि मान भिंतीकडे वळवायची. जिने बारावीच्या मुलींना प्रकाशाचे नियम शिकवले तिला कुणीतरी चिमणी ओळखायला लावत होतं. मी माझे उपाय केले. अभंग लावले, जुनी नाटकं लावली, तिच्या एका विद्यार्थिनीला बोलावून आणलं. अभंग लागले की तिच्या डोळ्यांतून पाणी यायचं, पण शब्द येत नव्हता. मार्च गेला, एप्रिल गेला. आंबे पिकले, बाजारात आले, आणि आमच्या घरातलं बोलणं तिथेच अडलेलं. डॉक्टरांनी दिलेली मुदत आता जवळ यायला लागली होती.

मग नवतपा आला. पहिल्याच दिवशी मी ऑफिसातून महिन्याची रजा घेऊन आत्याच्या खोलीत बसले होते. दुपारचे दोन वाजले होते, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, खिडकीला ओला पडदा, कूलरची घरघर. आत्याचे डोळे मिटलेले. मला वाटलं झोपली. इतक्या दिवसांत मी स्वतःसाठी काही केलं नव्हतं, म्हणून चोरासारखा टीव्ही लावला, आवाज बारीक केला आणि एक हवेलीवाला सिनेमा काढला. तिसरा भाग. पहिले दोन कसेबसे चालले होते, तिसऱ्याला कुणी विचारलं नव्हतं, म्हणजे अगदी माझ्यासाठीच काढलेला.

हवेलीत वीज कडाडली, लाइट गेली, नायिकेने मेणबत्ती पेटवली आणि नेहमीप्रमाणे तळघराकडे निघाली. मी उशी पोटाशी धरली. तेवढ्यात ठण ठण आवाज आला. आत्या डाव्या हाताने स्टीलचा पेला पलंगाच्या कडेवर आपटत होती. पाणी हवंय वाटून मी उठले, तर ती टीव्हीकडे बोट दाखवत होती. हओ, हओ. मला वाटलं घाबरली. मी बंद करायला धावले, तर तिने अशी काही मान हलवली की माझा हात जागीच थांबला. तो चेहरा मी दहावीपासून ओळखत होते. माझ्या वहीवर लाल पेन टेकवण्याआधी तो असाच व्हायचा.

मी सिनेमा थोडा मागे नेला. पुन्हा वीज कडाडली, पुन्हा अंधार, पुन्हा मेणबत्ती. आत्याचे ओठ हलायला लागले. मिटत होते, सुटत होते, काहीतरी पकडू बघत होते. कपाळावर घाम आला तिच्या.

"पं," ती म्हणाली. मग, "पं... खा."

मी बघितलं. नायिकेच्या डोक्यावर, लाइट गेलेल्या हवेलीत, छताचा पंखा मजेत फिरत होता.

"पंखा," आत्या परत म्हणाली, या वेळी चिडून, शेवटच्या बाकावरच्या मुलीला सांगावं तशी. अडीच महिन्यांनी तिच्या तोंडातून एक खरा शब्द निघाला होता, आणि तो देवाचं नाव नव्हता, माझं नाव नव्हता, पाणी नव्हता. मी तिचा हात धरून हसत होते आणि रडत होते, आणि ती हात सोडवून घेऊन पडद्याकडे बघत होती, कारण सिनेमा पुढे गेला होता आणि तिला पुढची चूक बघायची होती.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सफरचंदाच्या चित्रात चूक नव्हती. चूक नसलेल्या गोष्टीवर आत्या आयुष्यात कधी बोललीच नव्हती, मग आता काय म्हणून बोलेल? चांगला सिनेमा आपल्याला हात धरून नेतो आणि आपण तोंड उघडं टाकून मागे जातो. सुमार सिनेमाला जागोजागी भोकं असतात, आणि ज्या बाईने तीस उन्हाळे भोकं शोधण्यात घालवले तिला ती दिसल्यावर गप्प बसणं शक्य नसतं. आजवर मी ज्या आवडीबद्दल बोलणी खाल्ली तीच आता घरात औषध म्हणून लागणार होती.

मिलिंदला संध्याकाळी सांगितलं तर तो हबकला. म्हणाला, "भूत दाखवून राहिलीस त्यांना? बीपी वाढलं म्हणजे?" त्याचं चूक नव्हतं. मग ठरलं की सिनेमाआधी आणि नंतर यंत्र लावायचं. दुसऱ्या दिवशी लावलं. एका बाईचं मुंडकं उलटं फिरलं, विहिरीतून हात आले, एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड गायब झालं, आणि आत्याचं बीपी तसूभर हललं नाही. उलट माझंच वाढलेलं निघालं.

मग आमची शाळा सुरू झाली. रोज दुपारी जेवण झालं की कैरीचं पन्हं, पडदे ओले, टीव्ही चालू. मी तिच्या कपाटातून लाल पेन आणि एक कोरी वही काढली. दहापैकी मार्क द्यायचे, आणि कमी दिले तर का कमी ते तोंडाने सांगायचं, कारण बोर्डाची तपासणी असो की भुताची, मार्क कापायचे तर कारण हवंच. आत्या डाव्या हाताने वाकडातिकडा आकडा काढायची. शब्दासाठी झटापट व्हायची. एक शब्द यायला कधी कधी पाच मिनिटं लागायची, तोवर मी सिनेमा थांबवून ठेवायचे. पडद्यावरचं भूत तोंड वासून ताटकळत उभं राहायचं. त्या नऊ दिवसांत जबलपूरच्या उन्हात भुतांचे जे हाल झाले ते आजवर कुठल्या मांत्रिकाने केले नसतील.

भाग दोन, भाग तीन यांना ती 'पुरवणी' म्हणायला लागली. मला आधी कळलं नाही, मग लख्ख कळलं. परीक्षेत ज्या मुलीला उत्तर येतं ती मोजक्या पानांत लिहून मोकळी होते. जिला येत नाही ती पुरवणीवर पुरवणी मागते, आणि प्रत्येक पुरवणीत तेच उत्तर थोड्या मोठ्या अक्षरात लिहिते. पहिल्या भागात भूत एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात भुतांचं कुटुंब. जुन्या सिनेमाच्या नव्या अवताराला तिने 'नक्कल' म्हटलं, आणि एकदा एका नकलेत, मूळ सिनेमात कॅमेऱ्याला चुकून धक्का लागला होता तिथे यांनीही मुद्दाम धक्का दिलेला मी तिला दाखवला. आत्या इतकी हसली की ठसका लागला. तिने अशा मुली पाहिल्या होत्या. शेजारणीने खोडलेलं गणितसुद्धा खोडलेल्या रेघेसकट उतरवणाऱ्या.

चौथ्या दिवशी एका सिनेमात नायक हिमालयातल्या कुठल्या शापित दरीत शिरला. दोन्ही बाजूंना उंच पांढरे खडक, मधून संथ हिरवं पाणी, होडीत एक म्हातारा नावाडी, तिकडे जाऊ नका असं सांगायला खास नेमलेला. आत्या ताठ बसली. तीस वर्षं दर हिवाळ्यात ती मुलींची सहल घेऊन जबलपूरजवळच्या त्याच संगमरवरी खडकांत गेली होती. स्नेहा त्या दिवशी आलेली होती, तिची कार्डं अजून पिशवीतच होती.

"भे," आत्या म्हणाली. "भेडा... भेडाघाट."

स्नेहाने टाळी वाजवली. एवढा मोठा शब्द, तोही कुणी न विचारता. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "दीदी, कल भी भूत ही लगाइएगा." पुढच्या खेपेपासून तिने सफरचंद आणलं नाही. खुर्ची ओढून ती आमच्यात बसायची, आत्याचा शब्द अडकला की पहिलं अक्षर हळूच पुढे करायची, आणि मध्येच स्वतः किंचाळायची. आत्या तिच्याकडे दयेने बघायची.

नवव्या दिवशी नवतपा संपणार होता. त्या दुपारचा सिनेमा सगळ्यात भिकार होता, एका नकलेची पुरवणी. त्यातलं भूत भिंतीतून आरपार जायचं. आधी दिवाणखान्याच्या भिंतीतून गेलं, मग स्वयंपाकघराच्या, मग गच्चीवर कठड्यातून. स्नेहाने माझा दंड घट्ट धरला होता. आत्या पुढे वाकली. पेला आपटला नाही, बोट दाखवलं नाही. शब्द आधी एकेक करून आतल्या आत लावून घेत असल्यासारखी थांबली, आणि मग म्हणाली,

"भिंतीतून जाऊन राहिला... तर जमिनीतून खाली काहून नाही पडत?"

भूत गच्चीवर उभं, आणि त्याच्यापाशी या प्रश्नाला उत्तर नव्हतं. त्याच्या लेखकापाशी नव्हतं, दिग्दर्शकापाशी नव्हतं, आणि ज्यांनी याचे दोन भाग आधी काढले त्यांच्यापाशी तर नव्हतंच. अख्खं वाक्य. त्यात 'तर' होतं, त्यात 'काहून' होतं, आणि त्यात नलूआत्या होती, होती तशी, धारेसकट. मी मिलिंदला फोन करून एवढंच सांगितलं की येताना बड्या फुहाऱ्याच्या बाजारातून खोव्याची जिलबी आण, भरपूर आण. तो पोचला तेव्हा ती ते वाक्य चौथ्यांदा म्हणत होती, प्रत्येक वेळी आधीपेक्षा सरळ. त्यालाही तिने तोच प्रश्न विचारला. तो इंजिनिअर आहे, तो पिशवी हातात धरून जमिनीकडे बघायला लागला.

त्या वहीत त्या सिनेमापुढे तिने दहापैकी शून्य लिहिलं, आणि मग विचार करून एक मार्क वाढवला. का, असं मी विचारलं नाही. मला ठाऊक होतं. बोर्डातही कधी कधी कृपेचा एक मार्क देतात.

याला दोन वर्षं झाली. आत्याची गाडी अजूनही अधूनमधून अडते. आकडे निसटतात, मंगळवारला ती शुक्रवार म्हणते, आणि दमली की जुना 'हओ' तोंडात येतो. आला की स्वतःवरच चिडते. पण दूधवाल्या भैयाला दूध पातळ असल्याचं ती खिडकीतून पूर्ण वाक्यात सांगते. माझी कढी परत नापास व्हायला लागली आहे. मी ती बोलणी अशी ऐकते की मिलिंद विचारतो, तुला झालंय काय. त्याला काय सांगू? या घरात एकेका शब्दासाठी मी भुतांचे पाय धरलेत.

आणि काल पुन्हा पहिला दिवस. पन्हं झालं, पडदे ओले झाले, वही निघाली, आत्याने पेनचं टोपण दाताने काढलं. मी नेहमीसारखा भाग दोन निवडला. पोस्टरवर बाहुली होती, मागे पडकं घर होतं, कुणाच्याही मनात शंका येऊ नये इतकं सगळं जागच्या जागी होतं. पण माझा अंदाज साफ चुकला. त्या घरात एक म्हातारा एकटा राहत होता आणि रोज दोन ताटं वाढत होता. किंचाळणं नाही, मांजर नाही, दार आपटणं नाही. एका दुपारी त्याच्याकडची लाइट गेली. मी सवयीने छताकडे बघितलं, आत्याने बघितलं. पंखा हळू झाला, आणखी हळू झाला, आपल्या आपण दोन-चार गिरक्या घेतल्या आणि थांबला. त्या थांबलेल्या पंख्याखाली म्हाताऱ्याने दुसऱ्या ताटाकडे बघून हळूच विचारलं, गरम होतंय का तुला. दुसऱ्या ताटापाशी कुणी नव्हतं.

सिनेमा संपला. आत्याने पेन वहीवर टेकवलं नव्हतं. ती खिडकीकडे बघत बसली होती. मी म्हटलं, किती मार्क? ती बोलली नाही. तोंड वाकडं झालंय का ते मी बघितलं, डाव्या हाताला हात लावून बघितला. मग राहवेना.

"आत्या," मी म्हणाले, "बोल ना काहीतरी."

तिने सावकाश मान वळवली. डोळे ओले होते, पण डोळ्यांत तीच, लाल पेनवाली. शब्द शोधायला तिला थोडा वेळ लागला, आणि तो वेळ तिने आरामात घेतला.

"त्या दिवशी म्हणाली होतीस, एक दिवस गप्प बस," ती म्हणाली. "आज माझ्या मनानं बसून राहिली, तर बसू दे ना."

म्हणजे लक्षात होतं तिच्या. दोन वर्षं. मी काही बोलायला गेले, तर तिने बोट ओठांवर ठेवलं, वर्गात ठेवायची तसं. मी वही मिटली, खुर्ची तिच्या पलंगाशी ओढली आणि तिच्याबरोबर गप्प बसले. बराच वेळ कूलर तेवढा बोलत होता.